चाकाचा नट

'नट' हा शब्द कानीं पडतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें रंगभूमि उभी राहावी, हें स्वाभाविकच आहे. परंतु गेल्या मे महिन्यांत ज्या नटानें मला दोन दिवस आपल्यापुढें गुडघे टेकावयास लावलें, त्याचा रंगभूमीशीं कांहीं संबंध नव्हता. आमच्या जुन्या मारुति ८०० मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यावर बसलेला तो एक लोखंडी नट होता. आणि जागचें हलावयाचें नाहीं, असा त्याचा निश्चय दिसत होता.

ही मोटार माझ्या वडिलांनीं १९९३ सालीं, शाळेंतून निवृत्त झाल्यावर, मोठ्या हौसेनें घेतली. १९८३ च्या डिसेंबरांत पहिली मारुति रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. या तीस वर्षांत मध्यम स्थितींतल्या किती घरांनीं आपली पहिली मोटार म्हणून तिला ओवाळलें असेल, याची गणती नाहीं. आमच्या घरानेंही ओवाळलें. २०१६ सालीं वडील गेले, आणि मालवणजवळच्या आमच्या गावीं, अंगणांतल्या झावळ्यांच्या मांडवाखालीं, मोटार जी उभी राहिली ती आठ पावसाळे उभीच राहिली.

तिच्या उभें राहण्याचें कारण तिच्या यंत्रांत नव्हतें. दादा म्हणाला, विकून टाकूं. मी म्हणालों, दुरुस्त करून ठेवूं. दोघांनींही आपला हेका सोडला नाहीं. खरें सांगावयाचें तर मोटार हें केवळ निमित्त होतें. वडिलांच्या शेवटच्या आजारांत कोणी किती केलें, हा हिशेब आम्हां दोघांच्याही मनांत होता आणि दोघांचाही हिशेब निराळा होता. त्यानंतर लग्नाकार्यांत भेट झाली तरी आमचें बोलणें बायकांच्या मार्फत होई. या मे महिन्यांत योगायोगानें आम्ही दोघेही एकाच वेळीं गावीं आलों. तेव्हां आई म्हणाली, "ती गाडी एकदा चालती करा, नाहींतर भंगारांत द्या. रोज सकाळीं दार उघडलें कीं मलाच तिचें तोंड पाहावें लागतें."

म्हणून मी मोटारीला हात घातला. या गाडीचें इंजिन पुढचीं चाकें फिरवितें. इंजिनाकडून आलेला दांडा चाकाच्या तुंब्यांतून आरपार बाहेर येतो, आणि त्याच्या टोकावर हा नट बसतो. नट फिरूं नये म्हणून त्याच्या खांचांतून एक कॉटर पिन घातलेली असते. दांड्याच्या सांध्यावरचें रबरी टोपण फाटून आंत पाणी गेलें होतें. तो सांधा बदलावयाचा तर आधीं नट काढणें प्राप्त होतें. हा नट बसवितांनाच मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सतरा-अठरा किलो वजन टांगावें, इतक्या जोरानें आवळलेला असतो. त्यांत आमचा गाव समुद्रकांठचा. खारी हवा लोखंडाला गांठते. आणि गंजाचा स्वभाव असा कीं, ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्याहून किती तरी अधिक जागा तो व्यापतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटी त्यानें भरून काढल्या होत्या. चालत्या गाडीचा नट जितका घट्ट असावा तितकाच असतो. उभ्या गाडीचा मात्र दररोज थोडा थोडा अधिक घट्ट होत जातो.

पहिल्या दिवशीं मीं एकट्यानेंच झुंज दिली. जॅक लावून चाक उचललें, बॉक्स पाना बसविला, पान्याच्या दांड्यांत लोखंडी पाइप खुपसला आणि जोर केला. नटाबरोबर चाकच फिरलें! तासाभरानें मनांत आणखी एक शंका आली. सायकलीच्या डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, कांहीं जुन्या मोटारींच्या डाव्या बाजूच्या नटांचेही असतात. तर मग मी हा नट सोडवीत आहें कीं उलट आवळीत आहें? घामानें निथळत असतांना अशी शंका येणें फार क्लेशदायक असतें. ओटीवर दादा वर्तमानपत्र वाचीत बसला होता. त्यानें मान वर केली नाहीं.

संध्याकाळीं गावांतले म्हातारे मेस्त्री आले. त्यांनीं प्रथम गाडी जॅकवरून खालीं घेतली. जॅकवरच्या गाडीला असा हिसका देणें म्हणजे ती अंगावर घेणें, हें त्यांनीं मला अगदीं थोडक्या पण झोंबणाऱ्या शब्दांत समजावलें. आटे सरळ आहेत, असा निर्वाळा दिला. "गॅसच्या ज्योतीनें तापवूं या का?" मीं विचारलें. त्यांनीं मान हलविली. पलीकडेच बेअरिंग, त्याचें ग्रीस आणि रबरी सील. नटाबरोबर तींही भाजून निघतील. "मग छिन्नीनें कापूं या?" छिन्नी घसरली तर दांड्याचे आटे जातील. त्यांनीं ब्रशानें गंज झाडला, डिझेल आणि इंजिनाचें तेल एकत्र करून नटाच्या मुळाशीं सोडलें, हातोडीनें चहूं बाजूंनीं हलके ठोके दिले आणि ते उठले. माझी अधीरता पाहून म्हणाले, "गाडी इतकी वर्सां उभी ठेवलात, आता एक रात थांबाक तुमचां काय जाता?"

रात्रीं झोपण्यापूर्वीं मीं आणखी एकदां तेल सोडलें.

सकाळीं मेस्त्रींनीं ब्रेकची डबी भरली, पाना बसविला आणि विचारलें, "ब्रेकवर कोण बसतलो?" हातानें ओढावयाचा ब्रेक मागच्या चाकांना असतो, पुढचें चाक धरून ठेवावयाचें तर आंत बसून पायानें ब्रेक दाबणारा माणूस हवा. मेस्त्री पाना सरळ धरणार, मी पाइपावर जोर देणार. तिसरा कोण? मी गप्प राहिलों. ओटीवर वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. दादा उतरून आला, दार उघडून वडिलांच्या जागेवर बसला आणि त्यानें पाय ठेवला.

"आधी जरा आवळूचो, मगे सोडूचो," मेस्त्री म्हणाले. जखडलेल्या नटाला एकदम उलटा हिसका द्यावयाचा नाहीं. ज्या बाजूला त्याचा कल आहे त्या बाजूला त्याला आधीं किंचित् जाऊं द्यावयाचें, म्हणजे गंजाची पकड मोडते.

"दाब," मी म्हणालों.

"दाबलाय."

"सोडूं नको."

"नाहीं सोडत."

आठ वर्षांत आम्हीं एकमेकांशीं समोरासमोर बोललेले हे पहिले शब्द होते.

मी पाइपावर सगळा भार टाकला. 'कट्ट' असा आवाज झाला आणि दांडाच मोडला असें वाटून माझ्या पोटांत गोळा आला. पण आट्यांतून तांबडा भुगा गळत होता, आणि नट पाव वेढा फिरला होता. त्यानंतर मेस्त्रींनीं तो हलक्या हातानें काढला. बाहेरून काळातांबडा झालेला तो नट आंतल्या बाजूला, जेथें गंज पोंचला नव्हता तेथें, नव्यासारखा चकाकत होता.

दादा अजून आंतच होता. समोरच्या खणांत त्याला वडिलांची वही सांपडली होती. पेट्रोल, तेल, टायर यांची तारीखवार नोंद. त्यांतली एक ओळ त्यानें मोठ्यानें वाचली : "२०११ एप्रिल. पुढील डावें चाक, बेअरिंग बदललें. पांच वर्षांनीं पुन्हां पाहणें." पांच वर्षें म्हणजे २०१६. त्यानें वही मिटली नाहीं. मीही कांहीं बोललों नाहीं.

आमचें भांडण मिटलें, असें मी म्हणणार नाहीं. मोटार ठेवावयाची कीं विकावयाची, हेंही अद्याप ठरलेलें नाहीं. परंतु त्या नटाविषयीं मीं दोन दिवस जो राग धरला होता, त्याची मला लाज वाटली. घट्ट बसणें हें त्याचें कामच होतें; जो सहज सुटेल तो धांवत्या गाडींत सुटेल. जखडून टाकलें तें त्या घट्टपणानें नव्हे, आम्हीं दिलेल्या आठ वर्षांच्या विश्रांतीनें.

चौथ्या दिवशीं नवा सांधा बसला. जुना नट पुन्हां लावावयाचा नाहीं म्हणून मेस्त्रींनीं नवा आणला होता. नट आवळतांनाही कोणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. हांक मारण्यासाठीं मी ओटीकडे वळलों, तर ओटी रिकामी होती. दादा केव्हांच गाडींत जाऊन बसला होता.