चोथ्याचा वास

मागच्या थंडीत माझं नाक गेलं. ताप उतरला, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. फोडणीचं, उदबत्तीचं इतकं वाटलं नाही. चोथ्याचं वाटलं.

आमच्या परभणीत चहा म्हणजे दूध, साखर, अद्रक घालून खळखळ उकळलेला. त्यामुळे चोथा कधीच निव्वळ पत्ती नसतो. तसाच खतात टाकला की त्याचा गोळा होतो, आत हवा जात नाही आणि तो आंबतो. मी गाळणीतच दोन पाण्यांनी धुते, पिळते, सावलीत कागदावर पसरते. इथवर कुणालाही जमेल. अडतं ते ओलीपाशी. वैशाखात पारा 44 च्या वर गेला की तासाभरात चोथ्याची बारूद होते. मग वरून कितीही पाणी ओता, ते कडेने निघून जातं आणि आतली पत्ती कोरडीच राहते. श्रावणात संध्याकाळच्या आत पांढरी लव धरते. या दोहोंमधली ओल मी पंधरा वर्षं शोधतेय. मूठ दाबली की बोटांच्या फटी ओलसर व्हाव्यात, पण थेंब पडू नये, एवढं हाताला कळतं. आंबायला लागलंय हे मात्र हाताला कळत नाही. ते नाकाला कळायचं, तेही चिलटं यायच्या एक दिवस आधी.

माझं खत एका तडकलेल्या रांजणात होतं. त्याला चहूबाजूंनी भोकं पाडलीत. ही अक्कल पुसदच्या नारायणराव पांढरीपांड्यांची. त्यांच्या खताच्या नाडेप टाकीच्या विटांत मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. त्या टाकीचं सगळं मर्म त्या फटींत आहे, असं मी मानते. चोथ्याच्या तिप्पट सोयाबीनचं भुसकट आणि लिंबाचा वाळला पाला घातला, तरी हवा नसेल तर सगळं वाया.

गुलाबाच्या बुडाशी ओला चोथा थापणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. त्याने माती आम्ल होते म्हणतात. आमच्या काळ्या जमिनीत चुनाच इतका, की मूठभर चोथ्याने तिचं काय हलणार? त्या चुन्यापायीच गुलाबाची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण मातीतलं लोह झाडाला उचलता येत नाही.

आणि आता टी-बॅग. पुण्याहून भाचा आला की ग्रीन टीच्या तिकोनी पिशव्या आणतो. कौतुकाने एक रांजणात टाकली होती. वर्षाने चाळताना ती जशीच्या तशी निघाली, आत मात्र काळं खत. जाळी नायलॉनची होती. 2013 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी अशाच नायलॉनच्या टी-बॅग 90 दिवस जमिनीत पुरून, कुठली माती किती वेगाने कुजवते ते मोजायची पद्धत काढली. पिशवी कुजत नाही, म्हणूनच त्यांना ती सोयीची होती. मी आता पिशवी फाडते, पिन काढते, पत्ती तेवढी घेते.

एक गोष्ट इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती. नाक गेल्यावरही चार महिने, खत मागायला कुणी आलं की मी मूठभर उचलून नाकाशी नेत होते, डोळे मिटत होते आणि “झालंय” म्हणत होते. वासावरून सांगणारी बाई म्हणून गल्लीत माझं नाव होतं, ते मला सोडवेना. त्यात एकीचा मोगरा गेला. कच्चं खत तिच्या कुंडीत जाऊन तापलं आणि मुळं करपली. तिने मला विचारलंसुद्धा नाही. उन्हाने गेला असेल, असं स्वतःच म्हणाली, आणि मी गप्प बसले.

आता शेजारची पाचवीतली पोर शाळेतून आली की रांजणापाशी येते. आधी तिला नुसतं “घाण” आणि “चांगलं” एवढंच सांगता यायचं. मग एक दिवस म्हणाली, “आजी, इडलीच्या पिठासारखा वास येऊलालाय.” मी त्याच दिवशी सगळं उपसून भुसकट मिसळलं.

परवा मी चाळणी काढून बसले होते. खत काळंभोर झालेलं, हाताला भुसभुशीत. माझ्या मते तयार. तिने ओंजळ नाकाशी धरली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“अजून थोडं दूध हाय आजी.”

मी चाळणी परत खुंटीला लावली.