देवघेव

दुसऱ्याच्या घरातली चांगली वस्तू आपल्या घरात कोठे शोभेल, याचा विचार करण्याइतकी स्वस्त करमणूक दुसरी नाही. तिला पैसा पडत नाही, परवानगी लागत नाही आणि ज्याची वस्तू त्याला तिचा पत्ताही नसतो. बायका शेजारणीच्या पितळी डब्यांकडे पाहून हा खेळ खेळतात, पुरुष मित्राच्या नोकरीकडे पाहून. आणि आजची मुले तो क्रिकेटच्या संघांवर खेळतात.

आमचे जयसिंगपूर तर मुळात बाजारपेठ म्हणूनच वसलेले. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने ही पेठ वसवली. रस्ते पट्टी ठेवून आखावेत तसे सरळ. इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी भाव कळतो, असे मी वर्गात गमतीने म्हणतो. त्यामुळे २०२५ च्या नोव्हेंबरात, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागले असताना, माझे चिरंजीव आणि त्यांचे चार मित्र आमच्या सोप्यात वही घेऊन बसले, याचे मला नवल वाटले नाही. आयपीएलमधल्या संघांना लिलावापूर्वी आपापसांत खेळाडूंची देवघेव करता येते. मुंबईला जसप्रीत बुमराच्या जोडीला आणखी एक तेज गोलंदाज हवाच, असे या मंडळींचे ठाम मत होते. तो कोणाकडून आणायचा, याची यादी चालली होती.

“सर, बघा की कशी झालीय!” म्हणून वही माझ्यापुढे आली. पॅट कमिन्स, मोहम्मद शमी, आणि खाली अशीच भारदस्त नावे.

“यादी झकास आहे,” मी म्हणालो. “पण ही उपवर मुलाने केलेल्या यादीसारखी झाली. मुली सगळ्या पसंत आहेत. तिकडचे काय म्हणतात, ते कोणी विचारलेलेच नाही!”

चांगला कोण, हा अशा व्यवहारात पहिला प्रश्न नव्हेच. कोणाच्या घरात कोण जास्तीचा झाला आहे, हा पहिला प्रश्न. २००९ साली आपला श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडून मुंबईकडे आला, तो रॉबिन उथप्पाच्या बदल्यात. एकाने फलंदाज दिला, दुसऱ्याने गोलंदाज. दोन्ही घरी चूल पेटली. ट्रेंट बोल्टची गोष्ट त्याहून मजेची. अकरा जणांत परदेशी खेळाडू चारच घेता येतात, आणि दिल्लीजवळ कगिसो रबाडा होता. बोल्टवर बाहेर बसण्याची पाळी वारंवार येई. २०१९ च्या अखेरीस दिल्लीने त्याला मुंबईला देऊन टाकले. पुढे १० नोव्हेंबर २०२० ला दुबईत अंतिम सामना लागला तो मुंबई आणि दिल्ली यांच्यातच! बोल्टने पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिसला बाद केले, एकूण तीन बळी घेतले आणि सामनावीर तोच ठरला. माळ्यावरचे जाते शेजारी द्यावे आणि सणाला त्याच्याच दळणाच्या पोळ्यांचा वास आपल्या घरात यावा, तसे दिल्लीचे झाले.

दुसरा प्रश्न खिशाचा. शमीची किंमत १० कोटी. ती लखनौने मोजली आणि त्याला हैदराबादकडून नेले. सारी देवघेव आटोपल्यावर मुंबईच्या थैलीत लिलावासाठी उरले २.७५ कोटी! मुंबईकडे आला तो शार्दूल ठाकूर, २ कोटींत. एके काळी पालघरहून लोकलने किट वाहत मुंबईला खेळायला येणारा. मुलांच्या यादीत त्याचे नावच नव्हते.

पण त्या दिवशी मी एका ठिकाणी अडलो. “कमिन्स हैदराबादचा कर्णधार. आपला कर्णधार कोण देईल?” असे मी म्हणताच चष्मेवाला उसळला, “सर, हार्दिक पंड्या बी गुजरातचा कॅप्टनच हुता की!”

खरेच होते ते. २०२२ मध्ये गुजरातला विजेतेपद मिळवून देणारा हार्दिक २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईला परतला. त्याच सुमारास मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला बंगळूरकडे धाडले. हार्दिकनेच जुन्या संघात परतण्याची इच्छा दाखवली, असे गुजरातने जाहीर केले होते. म्हणजे तिसरा प्रश्न उरतोच : ज्याची देवघेव व्हायची, त्याच्या मनात काय आहे? आयपीएलच्या नियमांतही खेळाडूची संमती लागते.

मग बोलणे गल्लीतल्या टेनिस चेंडूच्या सामन्यांवर आले. आमच्या संघाला उदगावच्या संघातला एक डावखुरा गोलंदाज हवा होता. उदगावकर तयार होते. मात्र बदल्यात त्यांनी आमचा एक पोरगा मागितला होता. तो पोरगा सोप्याच्या कडेला बसलेला होता. यादी लिहिली होती ती त्यानेच, मोत्यासारख्या अक्षरात. तोही गोलंदाजच; पण सामन्याचा निकाल लागल्यात जमा झाला की मगच त्याच्या हाती चेंडू येई.

“जाऊ दे की त्याला,” कर्णधार म्हणाला. हा कर्णधार म्हणजे माझाच मुलगा. “त्याचं तसं काय काम हाय हितं?” बोलताना तो त्या पोराकडे पाहत नव्हता.

“नियम काय आहे?” मी म्हणालो. “त्याला विचारा.”

पोराने पेनाला टोपण लावले. “मी जातो. पहिली ओव्हर मलाच देणार म्हणाल्यात ते.”

“म्हणजे? तुला कधी विचारलं त्यांनी?”

“काल.”

“मग सांगितलं न्हाईस ते?”

“तुम्ही कुठं विचारलं?”

ताटलीत दोन चकल्या उरल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नाही.

त्याच आठवड्यात बातमी आली. रवींद्र जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थानला देऊन चेन्नईने संजू सॅमसनला घेतले. मधली दोन वर्षे वगळता जडेजा २०१२ पासून चेन्नईचा. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून विजय खेचून आणणारा. हिशेबाने पाहिले तर चेन्नईला तरुण यष्टिरक्षक-फलंदाज मिळाला. पण माझा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने हळूच विचारले, “बाबा, जडेजाला विचारलं असंल न्हवं?”

“नियमच आहे तो,” मी म्हणालो.

नियम कागदावर असतो. विचारणारा कोणत्या स्वरात विचारतो, ते मात्र ज्याचे त्यालाच कळते.

यंदाही आमच्या सोप्यात यादी झाली. संघ, किंमत, बदल्यात कोण, या तीन रकान्यांपुढे मुलांनी आता चौथा आखला आहे : ‘त्याला यायचे आहे काय?’ वही मी आवडीने वाचली. अक्षर मात्र फारच वाईट आहे.