छाट

महिन्याची पाच तारीख उजाडली की माझ्या फोनला हुडहुडी भरते. सकाळपासून तो थरथरू लागतो आणि प्रत्येक थरथरीला माझ्या खात्यातून कोणीतरी काही रुपये उचलून नेतो. एक हिशेब लिहिणारा, एक पावत्या करणारा, एक साठा मोजणारा, एक मुखपृष्ठे काढून देणारा. नाशकातल्या माझ्या वह्यांच्या लहानशा कारखान्यात हे चौघे संगणकाच्या पोटात राहतात. शाळा उघडायच्या सुमारास त्यांना क्षणाची फुरसत नसते, हे खरे; पण एकदा शाळांची खरेदी आटोपली की ते पाय पसरून झोपतात. पाच तारखेला हात पुढे करायला मात्र चुकत नाहीत!

पूर्वी असे नव्हते. एकदा पैसे मोजले की संगणकातली वस्तू आपली होई. मग २०१३ साली ॲडोबी कंपनीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे वर्गणीवरच मिळतील असे जाहीर केले आणि हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. मला हे पाहून बलुत्याची आठवण होते. लोहाराने वर्षभर फाळांना धार लावावी आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यावा. कोणाचा फाळ किती वेळा बोथटला हे कोणी मोजत नसे. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. बलुतेदाराला ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. मला ती आहे; पण ‘नको’ म्हटले की माझा दहा वर्षांचा हिशेब कुलपाआड जातो!

तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, वर्गण्या कसल्या भरता? आता काम होईल तेवढेच पैसे देता येतात.” २०२३ साली इंटरकॉम नावाच्या कंपनीने आपल्या यंत्र-कारकुनासाठी तसा भाव काढला होता : ग्राहकाचा एक प्रश्न सुटला की ९९ सेंट, सुटला नाही तर काही नाही. मला ही कल्पना मनापासून आवडली. रिकाम्या हाताला पैसा नाही आणि कष्टाला नाही असे नाही! आम्ही दुसऱ्याच एका लहान कंपनीचा कारकून ठेवला. ग्राहकांच्या निरोपांना त्याने उत्तरे द्यायची आणि सुटलेल्या प्रश्नामागे चार रुपये घ्यायचे.

पहिल्या महिन्याचे बिल आले, तेव्हा मी सहज ते संवाद उघडून वाचू लागलो. एका खेड्यातल्या शाळेच्या बाईंनी विचारले होते, “पहिलीसाठी चाळीस चौरेघी वह्या सोमवारपर्यंत मिळतील का?” कारकुनाने दुरेघी वहीचा भाव कळवला. बाईंनी लिहिले, “चौरेघी हव्यात.” त्याने मोठ्या अदबीने पुन्हा दुरेघीचाच भाव कळवला आणि विचारले, “आणखी काही सेवा?” बाईंनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्या संवादाखाली नोंद झाली होती : प्रश्न सुटला, चार रुपये.

मी बाईंना फोन केला. त्यांनी वह्या दुसरीकडून घेतल्या होत्या. मग कंपनीला फोन केला. तिथला मुलगा सौजन्याने म्हणाला, “ग्राहकाने पुन्हा विचारले नाही की समाधान झाले असे आम्ही धरतो, सर.”

बाई गप्प बसल्या, म्हणजे समाधान झाले! चार रुपये त्यांनी परत केले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आणि मग एकदम आजी आठवली.

माझी आजी सिन्नरला विड्या वळत असे. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पाने, हातात कात्री. मजुरी हजारी. काम होईल तेवढेच पैसे, ही भाच्याची नवी कल्पना आमच्या घरात फार जुनी होती! संध्याकाळी मी तिच्याबरोबर माल द्यायला जाई. तिथला माणूस विड्यांवरून बोटे फिरवी आणि पटापट काही बाजूला टाकी. ती ‘छाट’. छाटेचे पैसे नाहीत आणि त्या विड्याही परत नाहीत. आजी काही बोलत नसे. घरी येताना एकदाच म्हणाली, “ओढणारा कुठं छाट म्हणून ओढतो?”

१९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. नाकारलेल्या विड्यांवरून तंटा झाला, तर तो मिटवायला तिसऱ्या कोणाला नेमण्याची तरतूद त्यात होती. कायदा करणाऱ्यांना नेमकी जागा सापडली होती. दर किती हा प्रश्न सोपा. काम झाले की नाही हे कोणी ठरवायचे, हा खरा. आजीच्या वेळी ते पैसे देणारा ठरवत होता, माझ्या बिलात पैसे घेणारा. दोन्हीकडे ज्याच्या हाती वही, त्याचेच खरे!

इथवर विचार आला आणि मी स्वतःवर मनातून बराच खूश झालो. तेवढ्यात बाहेर पिना मारण्याचा आवाज थांबला. माझ्याकडे आठ बायका वह्यांना पिना मारतात. मजुरी शेकडा. रोज संध्याकाळी मी स्वतः गठ्ठे चाळतो आणि वाकड्या वह्या एका पोत्यात टाकतो. इतक्या वर्षांत एकीनेही काही विचारले नव्हते. मीही समाधानच धरत आलो होतो.

त्या दिवशी मी पोते टेबलावर उलटे केले आणि त्यांना बोलावले. सगळ्यांत जुन्या बाईंनी एकेक वही उचलून पाहिली. “ही पिन माझी वाकडी, कबूल. ही पण. पण शेठ, हा कागदच तिरका कापलाय.” तेवीस वह्यांत अकरा तिरक्या कापलेल्या निघाल्या. कापण्याचे यंत्र माझे!

अकरांचे पैसे दिले. आता पोते रोज त्यांच्यासमोरच उलटे होते. पाऊण तास जातो. पण आजीचा प्रश्न अजून शिल्लक होता. ती टाकलेली वही मी कधी रद्दीत घालत नव्हतो. आठवडेबाजारात ती स्वस्तात जाई आणि लिहिणारे पोर काही ती छाट म्हणून लिहीत नसे. परवा त्या विक्रीची जुनी वही काढली आहे. बेरीज करायला बसलो आहे. ती मात्र मी हातानेच करतो आहे.