घडवणारी आणि गिळणारी पेशी

मॅक्रोफेज ही पेशी गिळण्यासाठी प्रसिद्ध असली, तरी तांबड्या पेशी घडवण्यातही तिचा हात असतो. मज्जेत एका मॅक्रोफेजभोवती वाढत्या तांबड्या पेशींचे कडे असते, हे फ्रेंच रक्तशास्त्रज्ञ मार्सेल बेसी यांनी १९५८ साली मांडले. पेशी तयार होत आली की आपले केंद्रक बाहेर टाकते. मधली मॅक्रोफेज ते गिळून पचवते. डीएनए पचवणारे विकर नसलेली उंदरांची पिल्ले तीव्र रक्तक्षयाने जन्माआधीच दगावतात, इतके हे काम मोलाचे.

मज्जेचा नमुना काचपट्टीवर पसरताना ही कडी बहुधा विस्कटतात. त्यामुळे रोजच्या तपासणीत मॅक्रोफेजकडे लक्ष जात नाही, आणि हे बरे नव्हे. प्रशियन ब्लू रंग चढवला की तिच्यातले लोह निळे उठते. शरीरात लोहाचा साठा किती, याचा तो सर्वांत सरळ पुरावा.

हे लोह येते जुन्या पेशींतून. सुमारे १२० दिवसांनी थकलेली तांबडी पेशी प्लीहेतल्या किंवा यकृतातल्या मॅक्रोफेजच्या तावडीत सापडते. अशा मोडीतून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळते. अन्नातून मिळते जेमतेम १ ते २. क्षयासारख्या लांबलेल्या आजारात यकृतातले हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि मॅक्रोफेज लोह सोडतच नाही. साठा भरलेला, तरी रक्त फिके.

सिकलसेलमध्ये मोडीचा वेग भलताच वाढतो. पेशी १० ते २० दिवसच टिकते. मध्य प्रदेशातल्या जबलपुरात हा विषय परका नाही. शहराच्या गढा भागात आदिवासी आरोग्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८४ पासून आहे. मंडला-दिंडोरीच्या गोंड वस्त्यांत या आजाराचे रुग्ण आढळतात. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही शेजारच्या शहडोलमधूनच सुरू झाली. लहान मुलांत कधी रक्त एकाएकी प्लीहेत अडकते आणि पोट फुगते. म्हणून डाव्या बरगडीखाली हात लावून प्लीहा चाचपायला आईवडिलांना शिकवावे लागते. आफ्रिकी रुग्णांत ती बालपणीच आक्रसते, मध्य भारतात मात्र पुष्कळदा मोठेपणीही वाढलेली सापडते.

वारंवार रक्त चढवलेल्यांच्या मॅक्रोफेज लोहाने गच्च भरतात. अशा रुग्णाला केवळ हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. आधी लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे.