रोजमेळातला युरोप

विरार स्थानकाच्या पश्चिमेला उतरून आगाशी-अर्नाळ्याच्या दिशेने निघाले, की इमारतींची गर्दी हळूहळू विरळ होते आणि नंदाखालच्या वाड्या दिसू लागतात. विहिरी, केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडे आणि त्यांच्या मधून वळणे घेत जाणारे अरुंद रस्ते हे या गावाचे जुने रूप. आता ते तुकड्यातुकड्यांनी उरले असले तरी पुरते पुसलेले नाही. गावाच्या मध्यभागी पवित्र आत्म्याचे चर्च आहे. त्याचा इतिहास पोर्तुगीज अमदानीपर्यंत, सोळाव्या शतकात पोहोचतो. येथील बहुसंख्य शेतकरी सामवेदी ख्रिस्ती. त्यांची बोली मराठी, पण स्वतःचा वेगळा गोडवा जपणारी.

याच गावात नाक्यावर एका जैन कुटुंबाचे किराणा दुकान तीन पिढ्यांपासून उभे आहे. दर्शनाला आगाशीचे मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ, व्यवहाराला नंदाखालचा नाका, अशी या घराची दिनचर्या. दुकानाची एक ख्याती पंचक्रोशीत आहे. तेथे धान्य, गूळ, तेल, साबण सारे मिळते. कांदा, बटाटा आणि लसूण मात्र मिळत नाही. "शेठ, बटाटा ठेवलात तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही," असे अनेकांनी सांगून पाहिले. शेठजींनी गिऱ्हाईक जाऊ दिले, बटाटा येऊ दिला नाही.

या शेठजींची नात सप्टेंबर २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील कोलोन शहरी गेली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तिच्या सामानात खाखऱ्यांचे डबे होते, आगाशीच्या राजेळी केळ्यांची सुकेळी होती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'ओॲसिसच्या शोधात' हे प्रवासवर्णन होते. फादर दिब्रिटो नंदाखालचेच. त्यांचा जन्म १९४२ चा. २०२० साली उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा नाक्यावरची सारी दुकाने बंद होती. त्यांत शेठजींचेही होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी नातीने प्रस्थान ठेवले.

आजोबांचा या जाण्याला विरोध होता. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, हे त्यांना मान्य होते. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो एका विशेष खात्यात आधीच भरावे लागत. त्यातून विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरोच काढता येत. ही रक्कम आणि इतर खर्च यांसाठी कर्ज घ्यावे लागले आणि त्यासाठी दुकानाच्या गाळ्याचे मूळ दस्तऐवज तारण म्हणून बँकेत गेले. आजोबांनी सही केली, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नातीच्या हाती एक लाल कापडी बांधणीची वही दिली आणि तीन अटी सांगितल्या. रोजचा जमाखर्च या वहीत लिहायचा आणि दर रविवारी त्याची छायाचित्रे पाठवायची. कंदमूळ खायचे नाही. परदेशात रात्रिभोजन टळत नसेल तर त्याला सूट, कंदमुळाला नाही. आणि वहीत जे लिहायचे ते खरे लिहायचे.

"दादाजी, फिरायला गेले तर?" तिने विचारले होते.

"फिर. पण तिकिटाचे पैसे नावे टाक," एवढेच उत्तर मिळाले.

अशा रीतीने या मुलीचा युरोप प्रथम रोजमेळात उमटला. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि खाली एखाद्या ओळीत त्या दिवशीचे पाहिलेले. विद्यापीठाच्या सहामाही शुल्कातच प्रादेशिक गाड्यांचा पास मिळत असल्याने जवळच्या प्रवासाला वेगळा खर्च नव्हता. जर्मनीचा निवास परवाना असला, की शेंगेन करारातील इतर देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस राहता येते. त्यासाठी नवा व्हिसा लागत नाही. कोलोनचे १५७ मीटर उंचीचे कॅथेड्रल तिने पहिल्याच आठवड्यात पाहिले. १२४८ मध्ये पाया घातलेली ही वास्तू १८८० मध्ये पूर्ण झाली. त्या दिवशीच्या नोंदीखाली तिने लिहिले होते, 'सहाशे बत्तीस वर्षे. बांधकाम मधली काही शतके बंद, तरी काम सोडले नाही.' आजोबांना ते वाक्य आवडले. दुकानात आलेल्या दोन शेतकऱ्यांना त्यांनी ते वाचून दाखविले.

नोव्हेंबरमध्ये ती बॉनला गेली. कोलोनहून गाडीने हे शहर अर्ध्या तासाच्या आत येते. बहुतेक प्रवासी तेथे बेथोव्हेनचे जन्मघर पाहतात, तिनेही पाहिले. परंतु तिचे खरे काम होते ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात. हर्मान याकोबी या विद्वानाचे नाव तिने लहानपणी एका महाराजसाहेबांच्या व्याख्यानात ऐकले होते. याकोबींचा जन्म १८५० सालचा, कोलोनचाच. बॉन विद्यापीठात ते १८८९ पासून १९२२ पर्यंत प्राध्यापक होते. त्यांच्या तरुणपणी युरोपातील अनेक पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत. याकोबींनी १८७९ मध्ये भद्रबाहूंच्या कल्पसूत्राची चिकित्सित आवृत्ती लाइपझिग येथे प्रसिद्ध केली. बौद्ध ग्रंथांत ज्यांचा निगंठ नातपुत्त म्हणून उल्लेख येतो ते भगवान महावीरच, आणि जैन परंपरा स्वतंत्र आहे, हे त्यांनी तिच्या प्रस्तावनेत साधार मांडले. पुढे १८८४ आणि १८९५ मध्ये आचारांग, कल्पसूत्र, उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासकांना जैन आगमांचे दार उघडले.

ते जुने पुस्तक हाती आल्यावर रोमन लिपीतील प्राकृत अक्षरे तिला क्षणभर परकी वाटली. मग ओठ आपोआप हलू लागले, आणि आपण नवकार मंत्र वाचत आहोत हे तिच्या ध्यानात आले. त्याहून अधिक तिला स्पर्शून गेला तो एक साधा तपशील. याकोबी प्रथम भारतात आले ते १८७३-७४ च्या हिवाळ्यात. गेओर्ग ब्यूलर यांच्यासमवेत राजपुतान्यात फिरून त्यांनी जेसलमेरच्या ज्ञानभांडारातील हस्तलिखिते पाहिली. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते. घरापासून हजारो मैल दूर, भाषा वेगळी, अन्न वेगळे, हवामान वेगळे. वहीत त्या दिवशी खर्चाच्या रकान्यात फक्त चहाचे पैसे आहेत आणि खाली लिहिले आहे, 'आमच्या घरी पर्युषणात दरवर्षी कल्पसूत्र ऐकतात. मी एकदाही उघडून पाहिले नव्हते.'

फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बेल्जियममधील अँटवर्पला गेली. तेथील मध्यवर्ती रेल्वे स्थानक १९०५ मध्ये खुले झाले. त्याचा घुमट पाहून मुंबईच्या माणसाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आठवल्याशिवाय राहत नाही. स्थानकाला लागूनच हिऱ्यांच्या व्यापाराच्या गल्ल्या आहेत. पालनपूरकडील जैन कुटुंबांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे येऊन प्रथम लहान आणि कमी किमतीच्या हिऱ्यांत जम बसविला आणि कष्टाने मोठे स्थान मिळविले. शहराच्या विलरैक भागात त्यांनी उभारलेल्या जैन मंदिराची प्रतिष्ठा २०१० मध्ये झाली. भारतात कोरलेला संगमरवर जहाजाने तेथे नेण्यात आला. बाहेर बोचरी थंडी, करड्या रंगाचे आकाश, आणि आत पांढऱ्याशुभ्र खांबांवरची ओळखीची नक्षी! परदेशातील पाच महिन्यांत ती प्रथमच तेथे रडली. दर्शनाला आलेल्या एका वृद्ध बाईंनी "कुठली ग बेटा?" म्हणून चौकशी केली. नंदाखाल त्यांना ठाऊक नव्हते. आगाशी म्हणताच त्यांनी हात जोडले.

परतीच्या वाटेवर मात्र गाडी रद्द झाली. कसेबसे आखेन गाठले तेव्हा रात्र बरीच झाली होती आणि पुढची गाडी पहाटेची होती. खाखरे सकाळीच संपले होते, तापमान शून्याखाली होते आणि अंगात कणकण भरली होती. स्थानकाबाहेर एकच लहानसे खानावळवजा दुकान उघडे होते. मांस नसलेला एकच पदार्थ तेथे उरला होता.

त्या रविवारी आजोबांनी छायाचित्रे उघडली. त्यांत एक ओळ होती, 'बटाट्याचे सूप व पाव, साडेपाच युरो.' खाली दुसरी ओळ, 'दुसऱ्या दिवशी आयंबिल केले.'

ही नोंद 'किरकोळ खर्च' म्हणून सहज दडविता आली असती. साडेपाच युरोंची विचारणा नंदाखालहून कोणी केली नसती. परंतु तिने लिहिले, आणि आजोबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. दुकानात बसत, माप देत, हिशेब करीत. पण फोन आला की दुसऱ्याच्या हाती देत. ज्या वस्तूसाठी आपण आयुष्यभर गिऱ्हाईक परत पाठविले, ती आपल्याच नातीने, तीही मंदिरातून निघाल्या दिवशी खावी, हे त्यांना सोसवत नव्हते. नवव्या दिवशी ते बोलले, पण त्या विषयावर नाही. दोघांनीही तो टाळला आणि मधे एक बारीक भिंत राहिली.

ऑगस्टच्या आरंभी, पर्युषणापूर्वी, ती पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे चार दिवस गेली. तेझो नदीच्या काठी बेलें भागात जेरोनिमोस मठ आहे. वास्को द गामाची समाधी तेथेच. वसईच्या मुलीला लिस्बनमध्ये पूर्ण परके वाटणे कठीण. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. त्या दोनशे वर्षांचा ठसा केवळ किल्ल्याच्या भिंतींवर नाही, जिभेवरही आहे. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता तिने वहीत शब्दांची यादीच केली: चावी, साबण, बादली, काजू, पाव, कोबी, पगार, लिलाव. भाजीबाजारात एका टोपलीवरची पाटी वाचून ती थबकली. तेथे लिहिले होते, 'बटाटा'. पोर्तुगीज शब्द आणि आपला शब्द जवळजवळ एकच.

ती यादी नंदाखालला पोहोचली तेव्हा नाक्यावर हशा पिकला. आजोबांनी ती गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखविली. आपण ज्याला पगार म्हणतो, वाडीतल्या मालाचा लिलाव म्हणतो, ते शब्द समुद्रावरून आले हे ऐकून वृद्ध शेतकरी चकित झाले. यादीतला शेवटचा शब्द मात्र आजोबांनी वाचला नाही. त्या रात्री त्यांनी मुलाला विचारले, "बटाटा आपल्याकडे केव्हा आला?" बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, सोळाव्या शतकापूर्वी तो भारतात नव्हता आणि युरोपातही नव्हता. म्हणजे आगमांत त्याचे नाव असणे शक्यच नव्हते. जमिनीखाली वाढणारे, असंख्य जीवांना आश्रय देणारे अनंतकाय म्हणून तो वर्ज्य ठरला. नियम नावाचा नाही, करुणेचा आहे. आजोबा बराच वेळ गप्प बसले.

२७ ऑगस्ट २०२५ हा संवत्सरीचा दिवस. कल्पसूत्राचे वाचन ऐकून, प्रतिक्रमण आटोपून आजोबा घरी आले आणि त्यांनी स्वतः फोन लावला. कोलोनला तेव्हा दुपार होती. तिने जय जिनेंद्र म्हणण्याआधीच पलीकडून शब्द आले, "मिच्छामि दुक्कडम्, बेटा."

"दादाजी, आधी मी म्हणायचे," ती म्हणाली.

"नाही. तू खाल्लेस त्याचे प्रायश्चित्त तू दुसऱ्याच दिवशी केलेस. मी आठ दिवस बोललो नाही, त्याचे माझे बाकी होते." मग थोडे थांबून ते म्हणाले, "खोटा जमाखर्च लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. तू खरे लिहिलेस. करुणा जमिनीखालच्या जीवांवर करायची आणि घरच्या लेकरावर नाही, हे काही बरोबर नव्हे."

त्या वर्षीच्या दिवाळीत नंदाखालच्या दुकानात नेहमीप्रमाणे चोपडापूजन झाले. नव्या चोपड्यावर केशराचे स्वस्तिक निघाले. त्याच्या शेजारी पाटावर नातीने पाठविलेल्या रोजमेळाच्या छापील प्रती एका दोऱ्यात बांधून ठेविल्या होत्या. त्यांवरही आजोबांनी केशराचा एक ठिपका दिला.

तिचे शिक्षण अद्याप पूर्ण व्हायचे आहे. कर्जाचे व्याज साचू नये म्हणून तिचे वडील ते दरमहा भरतात. गाळ्याचे दस्तऐवज बँकेतच आहेत. ती परत येईल की तिकडेच राहील, हे आज कोणी सांगू शकत नाही आणि आजोबा आता विचारतही नाहीत. दुकानात बटाटा अजूनही मिळत नाही. पण रविवारी सकाळी नाक्यावर थांबणारी जुनी गिऱ्हाइके माल घेण्यापूर्वी विचारतात, "शेठ, या आठवड्यात पोर कुठे गेली होती?" आणि शेठजी चष्मा पुसून, वहीचे नवे पान काढून, आधी खर्चाचा आकडा आणि मग गावाचे नाव वाचू लागतात.