जामीनदार आणि पॅकिंग

दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवरून निदान पाचशे लोकांना ऐकवलं असेल. पण कर्जदार बायकोचा सख्खा भाऊ निघाला की शहाणपण रजेवर जातं. मेहुण्याने पिकअप घेतला, सही मी केली. तेव्हापासून तो नारायणगावाहून टोमॅटो वाहतो आणि मी रात्री जागा राहून गाडीचा आवाज ऐकतो.

परवा तो म्हणाला, "दाजी, गाडी उभ्या उभ्या धापा टाकतेय."

म्हणजे आता हप्ताही धापा टाकणार! मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर गॅरेज गाठलं.

मिस्त्रीने चालू इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यावर क्लीनरचा फवारा मारला. इंजिनाचा सूर एकदम बदलला.

"साहेब, पॅकिंग गेलं. इथून हवा ओढतंय."

हवा मोजून आत घ्यायची आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडायचं, असा या इंजिनाचा कारभार. फाटक्या पॅकिंगमधून शिरलेली हवा मात्र व्हाउचरशिवाय जमा होते. पेट्रोल कमी पडतं, ताळेबंद बिघडतो. बी. कॉम.ला हे असं शिकवलं असतं, तर मी पहिल्या वर्गात आलो असतो!

मिस्त्रीने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, नळ्या-वायरी बाजूला केल्या, मॅनिफोल्ड उतरवलं. उघड्या तोंडांत फडकी कोंबली. "आत नट पडला तर इंजिन खलास," एवढं बोलून तो जुनं पॅकिंग खरवडू लागला. नट सांभाळायचं काम मी मागून घेतलं. मोजणीत आमचा हात कोण धरणार?

फडकी निघाली, नवं पॅकिंग बसलं. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत तो आवळत गेला. आठ काढले होते. भरले सात.

गॅरेजात शांतता पसरली. मेहुणा इंजिनाकडे बघत होता, मी उरलेल्या एक्केचाळीस हप्त्यांकडे. मिस्त्री निमूटपणे मॅनिफोल्ड पुन्हा सोडायला लागला. घाम पुसावा म्हणून मी चष्मा काढला, घर उघडलं, तर आतून नट हसला. हरवू नये म्हणून मीच जपून ठेवला होता!

"दाजी, बँकेत पण तुम्हीच मोजता ना?" मेहुण्याने विचारलं.

गाडी आता गुमान चालते. हप्तेही. आणि कॅश जुळली नाही, की हल्ली मी आधी चष्म्याचं घर उघडतो.