शेगडीचा हिशेब

गणिताचे आणि माझे कधीच जमले नाही. दहावीच्या परीक्षेत त्याने मला काठावर नेऊन सोडले आणि मी मुकाट्याने कला शाखेची वाट धरली. असा मी गेल्या वर्षी एका आकड्यापायी दोन रात्री जागलो, हे सांगितले तर माझ्या मित्रांनाही खरे वाटणार नाही.

त्याचे असे झाले. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. आजोबा गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे सारायचे. वडील, म्हणजे आमचे आबा, साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन आहेत. जाळ हाच आमच्या घरचा पिढीजात धंदा! मी मात्र साताऱ्यात खोली घेऊन शिकतो. गळीत हंगाम सुरू होण्याआधी आबा मला भेटायला आले. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मी मोठ्या कौतुकाने माझ्या नव्या विजेच्या शेगडीवर चहा ठेवला. आबा तिच्या लालबुंद तारेकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,

"का रं, ही तासाला किती बगॅस खाती?"

मी हसलो. "आबा, ही विजेवर चालते. हिला बगॅस कशाला?"

"आन् वीज कशावर चालती?"

मी गप्प झालो. आबांच्या कारखान्यात उसाच्या चोथ्यावर वाफ होते, वाफेवर वीज होते आणि उरलेली वीज बाहेर विकली जाते. तेव्हा प्रश्न वेडगळ नव्हताच.

आबा गेले, प्रश्न राहिला. शेवटी शेजारच्या खोलीतल्या विज्ञान शाखेच्या मित्राला शरण गेलो. त्याने शेगडी उलटी करून 1000 वॅट हा आकडा दाखवला. वॅट म्हणजे ऊर्जेचा साठा नव्हे, ती खर्च होण्याचा वेग. 1 किलोवॅटची शेगडी तासभर चालली की 1 युनिट. हेच उष्णतेच्या भाषेत सांगायचे तर 1 किलोवॅट म्हणजे तासाला 860 किलोकॅलरी. एवढ्या उष्णतेने 10 लिटर पाण्याचे तापमान 86 अंशांनी वाढते. ही दोन खाती जोडली गेली ती जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञामुळे. बिअर गाळणाऱ्याच्या या मुलाने 1840 च्या दशकात वजने खाली सोडून त्यांच्या ओढीने पाण्यात पाती फिरवली, पाणी किती तापते ते मोजले आणि किती कामाची किती उष्णता होते ते ठरवले.

कारखान्यातला बगॅस निम्मा पाण्याने ओला असतो. तो किलोमागे सुमारे 2200 किलोकॅलरी देतो. 860 ने भागले, अडीच युनिटे आली. म्हणजे शेगडी तासाला 400 ग्रॅम बगॅस खाते! आयुष्यात पहिल्यांदाच माझे गणित सुटले होते. लगेच आबांना फोन लावला.

"खोटं हाय," आबा शांतपणे म्हणाले. "एका युनिटाला दोन किलोच्या आसपास जातोय."

मित्र दुसऱ्या रात्री पुन्हा कागद घेऊन बसला. आकड्यांचे रूपांतर दोन्ही बाजूंनी सारखे, पण यंत्राचे तसे नाही. विजेची उष्णता पुरेपूर होते, उष्णतेची वीज मात्र थोडीच होते. काही उष्णता धुराड्यातून जाते आणि बरीचशी वाफ थंड करताना पाण्याबरोबर जाते. कितीही चांगले यंत्र केले तरी ही गळती पुरती थांबत नाही, हे साडी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरच्या 1824 च्या पुस्तकापासून माहीत आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पडते आणि त्याची वीज होते. तिथे उष्णता मधे नसल्याने फारच थोडे वाया जाते. कोयनेचा किलोवॅट आणि बगॅसचा किलोवॅट बिलावर सारखाच, पण एकामागे केवढा जाळ उभा असतो!

मी आबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग च्या चुलीवरच केला आस्ता की." आणि थोड्या वेळाने, "पर जाळ काय साताऱ्याला धाडता येत न्हाई."

डिसेंबरात गावी गेलो, तेव्हा आबांच्या पाळीला मी प्रथमच बॉयलरपाशी उभा राहिलो. भट्टीच्या झरोक्याशी दोन मिनिटे उभे राहवेना. आबा तिथे आठ तास काढतात. दर महिन्याला ते मला पैसे पाठवतात. आजवर मी तो आकडा बरोबर मोजत आलो होतो, खोलीभाडे इतके, खानावळ इतकी. पण तो कागदावरचा हिशेब होता. माझ्यापर्यंत एक युनिट पोहोचवायला तिकडे किती जळते, हे मला कुणी विचारलेच नव्हते.

अजूनही चहा मी त्याच शेगडीवर करतो. फक्त उकळी फुटली की लगेच बटण बंद करतो. मित्र म्हणतो, त्याने फार तर चार पैसे वाचत असतील. वाचू देत. हिशेब पैशांचा नाही.